वास्तूचे दुसरे आयुष्य

परदेशात स्थिरावलेल्या आपल्या बहुतेक मंडळांपुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो. भाड्याच्या सभागृहात बुद्धपौर्णिमा आणि भीमजयंती साजरी करता करता वर्षे लोटतात, मुले मोठी होतात, ग्रंथांची खोकी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून राहतात आणि मग एखाद्या सभेत विषय निघतो की आपला स्वतःचा विहार असावा. लगेच दोन मते पुढे येतात. काहींना मोकळी जमीन घेऊन नवी वास्तू उभारावी असे वाटते. काहींना बंद पडलेले चर्च, शाळा किंवा गोदाम विकत घेऊन ते दुरुस्त करावे असे वाटते. चर्चा पुढे पैशांच्या हिशेबावर येते आणि बहुधा तिथेच थांबते.

हिशेब आवश्यक आहे, यात शंका नाही. पण जुनी वास्तू नव्या उपयोगात आणणे आणि शहरातील रिकामी जागा भरणे या दोन्ही गोष्टींना मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात आपला समाज कधी जतन करणारा होता, तर कधी ज्याच्या खुणा पुसल्या गेल्या असा होता. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी या इतिहासाकडे पाहावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.

स्तूपाच्या पोटातील स्तूप

बौद्ध परंपरेला वास्तूचा वापर बदलणे नवे नाही. मगधाचा राजा बिंबिसार याने राजगृहाजवळचे वेळुवन भिक्खुसंघाला दान दिले. ते मुळात राजाचे उद्यान होते. संघाला मिळालेला पहिला आराम म्हणजे नव्याने बांधलेले मंदिर नव्हते; असलेल्या जागेला दानाने दुसरा अर्थ प्राप्त झाला होता.

सांचीचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील महास्तूपाचा गाभा सम्राट अशोकाच्या काळातील, विटांचा आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात त्यावर दगडी आच्छादन चढविण्यात आले आणि स्तूप जवळजवळ दुप्पट मोठा झाला. ज्यांच्या शिल्पांनी आज सांची ओळखली जाते ती तोरणे त्यानंतरची, इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमारास उभारलेली आहेत. वाढवायचे ठरले तेव्हा जुना स्तूप कोणी पाडला नाही. तो नव्याच्या पोटात तसाच राहिला. पूर्वजांचे काम पुढच्या पिढीने कसे पुढे न्यावे, याचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा पाठ आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. त्यांतील सातव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे भिक्खूंचा विहार. मध्यभागी प्रशस्त दालन आणि भोवती निवासाच्या खोल्या, अशी त्याची रचना आहे. आज ते गिरिजात्मज गणपतीचे मंदिर म्हणून, अष्टविनायकांपैकी एक म्हणून ओळखले जाते. तेथे श्रद्धेने जाणाऱ्या भाविकांशी आमचे भांडण नाही. लेणे वापरात राहिले म्हणून लोकांची पावले तिथे वळत राहिली, हेही मान्य करावे लागेल. पण पायऱ्या चढून गेलेल्या किती जणांना कळते की आपण उभे आहोत ते दालन वर्षावासासाठी खोदले गेले होते? दगड शाबूत राहिला, ओळख मात्र झाकली गेली.

सांची आणि लेण्याद्री यांच्यामधील हा फरक आमच्या विवेचनाचा आधार आहे. दोन्ही ठिकाणी जुन्या वास्तूवर नवा थर चढला. एका ठिकाणी खालचा थर वरच्या थराचा आधार ठरला, तर दुसऱ्या ठिकाणी तो दिसेनासा झाला. पुनर्वापराची कसोटी भिंत टिकली की नाही एवढ्यापुरती नसते. आधी येथे कोण होते, हे नव्याने आलेल्याला समजते का, ही ती कसोटी आहे.

युरोपने घेतलेला धडा

आधुनिक काळात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार युरोपात झाला. इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी चर्चे खरवडून, त्यांना काल्पनिक मूळ रूप देण्याची त्या काळी लाट होती. त्या लाटेला मॉरिस यांचा विरोध होता. नित्य देखभाल करा, पण इतिहासाची नक्कल करू नका, असा त्यांच्या विचाराचा आशय होता. पुढे १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद स्वीकारली गेली तिने दोन तत्त्वे स्पष्ट केली. समाजोपयोगी कामासाठी वास्तूचा वापर होत राहणे तिच्या जतनास हितकारक असते, हे पहिले. अपरिहार्य असलेले नवे काम जुन्यापासून वेगळे ओळखू यावे, हे दुसरे.

बर्लिनमधील नॉयेस म्युझियम ही या तत्त्वांची परीक्षाच होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेले हे संग्रहालय दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले आणि नंतर कित्येक दशके भग्नावस्थेत उभे राहिले. वास्तुविशारद डेव्हिड चिपरफिल्ड यांनी त्याचे काम हाती घेतले आणि २००९ मध्ये ते पुन्हा खुले झाले. त्यांनी ना हुबेहूब जुने रूप उभे केले, ना अवशेष हटवून नवे बांधले. नष्ट झालेला भाग उभारताना जुन्या, पुन्हा वापरलेल्या विटा घेतल्या. मुख्य जिना जुन्याच जागी, जुन्याच मापाचा आहे, पण साधा आणि उघडपणे आजचा आहे. युद्धाच्या जखमा भिंतींवर राहू दिल्या आहेत. जर्मनीने आपला अपराध ज्या भिंतींवर लिहिला गेला होता त्या भिंती गिलाव्याखाली दडविल्या नाहीत, हा त्या वास्तूतील मोठा नैतिक आशय आहे.

रिकाम्या जागांचा प्रश्नही युद्धानेच ऐरणीवर आणला. ॲमस्टरडॅममध्ये नाझी राजवटीने ज्यू नागरिकांना उचलून छावण्यांत पाठविले. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्यांच्या ओस घरांतील लाकूड लोकांनी सरपणासाठी काढून नेले आणि अनेक घरे कोसळली. युद्ध संपले तेव्हा शहराच्या रांगांत दात पडल्यासारख्या फटी दिसत होत्या. महापालिकेच्या सेवेत असलेले तरुण वास्तुविशारद आल्डो व्हान आइक यांनी १९४७ मध्ये बर्टेलमानप्लाइन या चौकात मुलांसाठी पहिले क्रीडांगण केले. वाळूचा हौद, उड्या मारायला काही गोल दगडी ठोकळे, लोंबकळायला लोखंडी कमानी आणि बसायला बाके, एवढेच साहित्य. १९७८ पर्यंत शहरात अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे तयार झाली. त्यांतली कित्येक दोन घरांमधल्या, कोणालाच नको असलेल्या भूखंडांवर होती. थोड्या खर्चात, शेजारच्या रहिवाशांच्या मागणीवरून, मोडलेल्या शहराला मुलांच्या आवाजाने सांधण्याचा तो प्रयत्न होता.

लंडनची तीन दारे

आमच्या अनेक वाचकांना लंडन परिचित आहे. तेथील ब्रिक लेनवरची जामे मशीद ही स्थलांतरितांच्या इतिहासाची चालतीबोलती साक्ष आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या ह्यूगनॉट प्रोटेस्टंटांनी ती प्रार्थनागृह म्हणून बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली. पूर्व युरोपातून ज्यू निर्वासित आल्यावर १८९८ मध्ये ती सिनेगॉग झाली. १९७६ पासून ती बांगलादेशी मुसलमानांची मशीद आहे. विटा त्याच, दारातून आत जाणारी माणसे बदलत गेली. त्या त्या काळातील नवागत, गरीब आणि परका समाज प्रत्येक वेळी त्या दारातून आत गेला.

दुसरे दार बेथनल ग्रीनमधील आहे आणि त्याचा धागा थेट नागपूरशी जुळतो. तेथे १८८८ मध्ये बांधलेले अग्निशमन केंद्र बंद पडून मोडकळीस आले होते. १९७५ पासून संघरक्षितांच्या अनुयायांनी ते दुरुस्त करण्यास घेतले आणि १९७८ मध्ये त्याच जागी लंडन बुद्धिस्ट सेंटर सुरू झाले. दुरुस्तीचे बरेचसे काम स्वयंसेवकांनी स्वतःच्या हातांनी केले. हेच संघरक्षित ६ डिसेंबर १९५६ रोजी नागपुरात होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाने हादरलेल्या नवदीक्षित बांधवांना त्यांनी त्या दिवसांत सभांमागून सभा घेऊन धीर दिला. महाराष्ट्रातील त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे काम त्यांच्याच प्रेरणेतून उभे राहिले. आग विझविण्यासाठी बांधलेल्या घरात धम्माचे केंद्र यावे, हा योगायोग खरा. पण त्यामागची तीन वर्षांची मेहनत योगायोगाची नाही.

तिसरे दार केनिंग्टनमधील. १८६९ मध्ये बांधलेली न्यायालयाची संरक्षित इमारत आज तिबेटी परंपरेचे जामयांग बौद्ध केंद्र आहे. जिथे आरोपींना शिक्षा सुनावली जाई त्या मुख्य दालनात आता बुद्धमूर्ती आहे आणि जुन्या कोठड्याही केंद्राच्या उपयोगात आल्या आहेत. न्यायालयाचे रूप तेथे लपविलेले नाही. अंगुलिमालाची कथा ऐकत वाढलेल्या माणसाला अशा जागेचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

किंग हेन्रीज रोडवरील घर

आता आपल्या अगदी जवळच्या वास्तूकडे वळू. लंडनच्या प्रिमरोज हिल परिसरातील १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधन आणि ग्रेज इनमधील बॅरिस्टरीचा अभ्यास असे दुहेरी ओझे त्या काळात त्यांच्यावर होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. जगभरातील आंबेडकरी कुटुंबांची पावले तिकडे वळू लागली.

पुढे जे घडले ते प्रत्येक मंडळाने ध्यानात ठेवावे असे आहे. ब्रिटनमध्ये इमारतीच्या भिंतींइतकाच तिचा वापरही कायद्याने ठरलेला असतो. हे घर निवासी म्हणून नोंदले होते आणि संग्रहालय हा वेगळा वापर होता. काही शेजाऱ्यांनी वर्दळीबद्दल तक्रार केली. वापरबदलाची परवानगी मागण्यात आली, तेव्हा २०१८ मध्ये कॅमडन कौन्सिलने ती नाकारली. शहरात घरांची टंचाई असताना निवासी जागा कमी होते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये ती चौकशी झाली. अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे संबंधित मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली आणि स्मारक वाचले.

त्या निकालाचा आनंद सर्वांनाच झाला. तरीही कौन्सिलचा आक्षेप निव्वळ आकसाचा होता असे मानणे आम्हांला योग्य वाटत नाही. घरे कमी पडणाऱ्या शहरात एक घर कमी होणे ही खरी हानी असते. तिच्या विरुद्ध पारड्यात ठेवावी लागते ती त्या घरातील स्मृती. अस्पृश्य म्हणून हिणविल्या गेलेल्या समाजातील एका विद्यार्थ्याने रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी जिथे रात्री जागविल्या, ती खोली सामान्य निवासी चौरस फुटांत मोजता येत नाही, हे पटवून द्यावे लागले आणि ते पटले. स्मृतीलाही पुरावा, नकाशे आणि वकील लागतात, हा या प्रकरणाचा धडा आहे.

मुंबई आणि नागपूर

स्वतः बाबासाहेबांनी जुन्या वास्तूंचा उपयोग किती व्यवहारी दृष्टीने केला, हे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या इतिहासात दिसते. जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले ते मरीन लाइन्स भागातील लष्करी बराकींत. युद्ध संपल्यावर मोकळ्या झालेल्या त्या बराकींत नोकरी करून शिकणारी मुले वर्गात बसली. पुढे महाविद्यालय फोर्टमधील मोठ्या इमारतींत गेले आणि त्यांची बुद्ध भवन व आनंद भवन ही नावे रूढ झाली. भव्य वास्तू उभी राहीपर्यंत शिक्षण थांबवावे, असे बाबासाहेबांना कधीच वाटले नाही. मिळेल त्या छपराखाली त्यांनी महाविद्यालय उभे केले.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा मोठा काळ परळच्या बीआयटी चाळीत गेला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने कामगारांसाठी ज्या चाळी बांधल्या, त्यांपैकी ही एक. १९१२ ते १९३४ या काळात, परदेशातील वास्तव्य वगळता, त्यांचा संसार तेथील दोन खोल्यांत होता. महाडच्या सत्याग्रहाची वर्षे त्याच चाळीत गेली. नंतर दादरला राजगृह उभे राहिले. त्याचा एक भाग आज संग्रहालय आहे. राजगृहाचे दर्शन सर्वजण घेतात. चाळीकडे मात्र फार थोड्यांची पावले वळतात. गरिबांच्या घरांना वारसा म्हणण्याची सवय अजून आपल्यालाही पुरती लागलेली नाही.

ही सवय नसल्याची किंमत आपण मोजली आहे. २५ जून २०१६ रोजी पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, याची चर्चा येथे करावयाची नाही. चळवळीची वृत्तपत्रे ज्या छापखान्याशी जोडलेली होती, ती जागा काही तासांत ढिगाऱ्यात गेली, एवढी वस्तुस्थिती पुरेशी आहे. तिथे नवे मजले उभारता येतील. पण सांचीच्या स्तूपाला जे लाभले ते त्या छापखान्याला लाभले नाही; नव्याच्या पोटात त्याला जागा मिळाली नाही.

नागपूरची दीक्षाभूमी रिकाम्या जागेविषयी वेगळेच काही शिकविते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ते एक मोकळे मैदान होते. आजचा पोकळ घुमटाचा भव्य स्तूप वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला आणि डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. स्तूप वंदनीय आहेच. तरी दर विजयादशमीला लाखो लोक येतात ते त्याच्याभोवती उघडी जमीन आहे म्हणून. जुलै २०२४ मध्ये तेथील भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोक उसळले आणि ते काम थांबवावे लागले. नकाशावर जी जागा रिकामी दिसत होती ती लोकांच्या लेखी भरलेली होती. नगररचनाकाराने फट भरण्यापूर्वी ती खरोखर फट आहे का, हे तिथे येणाऱ्यांना विचारले पाहिजे.

आपल्या विहारासाठी

या साऱ्यातून परदेशातील मंडळांनी काय घ्यावे? आमचे मत जुन्या वास्तूच्या बाजूचे आहे, पण डोळे उघडे ठेवून.

पहिली बाब कायद्याची. इंग्लंडमध्ये २०२० पासूनच्या वर्गवारीत प्रार्थनास्थळे आणि संग्रहालये एफ-१ या एकाच वर्गात येतात, तर राहते घर सी-३ मध्ये. म्हणजे बंद चर्च विहारासाठी घेणे हे घर किंवा गोदाम घेण्यापेक्षा वापराच्या दृष्टीने सोपे ठरू शकते. मात्र वास्तू संरक्षित असेल तर आतील बाके हलविण्यापासून भिंत काढण्यापर्यंत अनेक बदलांना स्वतंत्र संमती लागते. इतर देशांत नियम निराळे आहेत, पण सर्वत्र क्रम एकच ठेवावा: आधी परवानगी, मग उद्घाटन.

दुसरी बाब छपराची. जुन्या वास्तूची किंमत पाहून हुरळून जाऊ नये. कौले, पन्हळी, ओल धरलेल्या भिंती आणि मोठ्या दालनाला ऊब देण्याचा खर्च यांची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी. खरेदीसाठी गोळा झालेली वर्गणी दुरुस्तीला पुरत नाही आणि अर्धवट दुरुस्त झालेली वास्तू समाजाचा उत्साह खचविते. बेथनल ग्रीनच्या स्वयंसेवकांनी तीन वर्षे राबून दाखविले. तेवढी तयारी आपल्यात आहे का, हे आधी पाहावे.

तिसरी बाब आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. ज्यांच्या वास्तूत आपण जाऊ त्यांचा थर आपण झाकू नये. चर्चच्या भिंतीवर युद्धात पडलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा फलक असेल तर तो तेथेच, स्वच्छ पुसलेला असावा. प्रवेशद्वाराशी दोन भाषांत लिहावे की ही वास्तू कोणी, कधी, कशासाठी बांधली आणि आम्ही येथे कसे आलो. लेण्याद्रीत आपल्या वाट्याला जे आले ते आपण दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देऊ नये. शेजाऱ्यांचे वृद्ध ज्या दारातून लग्नाला आणि अंत्यविधीला गेले त्या दाराला आपण मान दिला, तर तेही आपल्या बुद्धमूर्तीपुढे संकोचाने उभे राहणार नाहीत.

आणि ज्या मंडळांना अद्याप वास्तू मिळालेली नाही त्यांनीही आजच एक काम हाती घ्यावे. आपली पहिली जयंती कोणाच्या बैठकीच्या खोलीत झाली, पहिली धम्मवंदना कोणत्या शाळेच्या सभागृहात झाली, त्याचे भाडे कोणी भरले, पंचशील ध्वज कोणी शिवला, हे ज्येष्ठांना विचारून पत्त्यासह आणि वर्षासह लिहून ठेवावे. किंग हेन्रीज रोडचे घर वाचले, कारण कोणीतरी पत्ता जपला होता. आपल्या नातवंडांना उद्या अशाच एखाद्या पत्त्यासाठी उभे राहावे लागले, तर त्यांच्या हाती कागद असला पाहिजे.